सावकाराच्या दारी कोणाला पाठवावे?

अडचणीत सापडलेल्या देशाने परकी सावकाराकडे जावयाचे ठरविले म्हणजे त्याच्या वतीने बोलणी कोणी करावीत, हा प्रश्न राजधानीतील मूठभर मंडळींचा समजला जातो. अर्थशास्त्राचा पंडित पाठवावा की मुरब्बी राजकारणी, एवढ्यापुरतीच मग चर्चा होते. आमच्या मते हा प्रश्न त्याहून जुना आणि अधिक जिव्हाळ्याचा आहे. तो समजून घेण्यासाठी वॉशिंग्टन गाठण्याची गरज नाही. मुंबईहून डहाणूस जावे आणि तेथून तलासरीची वाट धरावी. त्या दोन तालुक्यांच्या इतिहासात या प्रश्नाचे अर्धेअधिक उत्तर लिहून ठेवलेले आहे.

त्या भागातील वारली एके काळी 'लग्नगडी' या शब्दाने घायाळ झालेला होता. लग्नाकरिता जमीनदाराकडून थोडी रक्कम उचलावयाची आणि ती फिटेपर्यंत नवरा-बायकोने त्याच्याकडे राबावयाचे, असा तो व्यवहार. रक्कम किती, व्याज किती, फिटले किती, हे लिहिणारा जमीनदार आणि वाचणाराही तोच. कर्जदार एकटा जाई, अंगठा उठवी आणि परत येई तो कित्येकदा जन्मभराचा गडी होऊन. येथे बोलणी झालीच नाहीत असे नव्हे. ती एकाच पक्षाने केली, एवढेच.

हे चक्र मोडले ते १९४५-४६ साली. टिटवाळ्याच्या किसान परिषदेला गेलेले वारली परतले आणि मे १९४५ मध्ये तलासरीजवळील झरी येथे हजारो वारली एकत्र आले. वेठ आणि लग्नगडीची पद्धत झुगारण्याचा निर्धार तेथे झाला. पुढे मजुरीचा प्रश्न आला तेव्हा शामराव आणि गोदावरी परुळेकर हे त्यांचे बोलणे मांडू लागले. हे दोघे बाहेरचे, शहरातले, शिकलेले. म्हणून त्यांच्यावर पुष्कळ टीका झाली. सरकारने १९४६ साली त्यांना ठाणे जिल्ह्यातून हद्दपारही केले. वारल्यांच्या वतीने कोणी बोलू नये, हे ठरविण्याचा अधिकार समोरच्या पक्षाने आपल्याकडे घेतला, असाच त्याचा अर्थ होता. तरीही संप टिकला आणि त्या वर्षीच्या नोव्हेंबरात लाकूड व्यापाऱ्यांच्या संघटनेला किसान सभेशी तडजोड करून जंगलकामासाठी रोजची सवा रुपया मजुरी मान्य करावी लागली. परुळेकरांना हिशेब आणि कायदा कळत होता, हे खरे. परंतु त्यांच्या शब्दाला वजन आले ते जंगलात कुऱ्हाड खाली ठेवून बसलेल्या वारल्यामुळे. जाणकारी एकाची आणि अधिकार दुसऱ्याचा, अशी ही जोडी होती.

देशाच्या व्यवहारास हीच कसोटी लावून पाहावी. १९६६ साली परकी चलनाच्या टंचाईत नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष अशोक मेहता वॉशिंग्टनला जाऊन आले. ६ जून रोजी रुपयाचे अवमूल्यन झाले, ४.७६ रुपयांचा डॉलर ७.५० रुपयांना पडू लागला. मेहतांच्या अभ्यासाविषयी शंका नव्हती. पण ज्यांना या निर्णयाची झळ सोसावयाची होती त्यांना सोडाच, काँग्रेस पक्षाचे अध्यक्ष कामराज यांनाही तो पटलेला नव्हता. त्यातच अपेक्षित मदत पुढील वर्षांत पुरती आली नाही. घरचे पाठबळ नसलेल्या सौद्याची आठवण सावकाराला करून देणारे मग कोणी उरले नाही.

१९९१ सालची परिस्थिती याहून बिकट होती. मे महिन्यात २० टन सोने विकण्यासाठी परदेशी गेले आणि जुलैत सुमारे ४७ टन गहाण पडले. पंतप्रधान नरसिंह राव यांनी अर्थमंत्रिपदासाठी प्रथम आय. जी. पटेल यांना विचारले. त्यांनी नकार दिल्यावर ते पद मनमोहन सिंग यांच्याकडे आले. त्यांच्या विद्वत्तेची कीर्ती सर्वांनी गायिली आहे. आम्हांस मात्र एक लहान गोष्ट अधिक मोलाची वाटते. २४ जुलैच्या अर्थसंकल्पात खतांच्या किमतीत ४० टक्के वाढ होती. खासदारांनी, स्वपक्षीयांनीही, विरोध केला. अर्थमंत्र्यांनी ऑगस्टमध्ये ती ३० टक्क्यांवर आणली आणि लहान व सीमांत शेतकऱ्यांना तीतून वगळले. तलासरीत एक-दोन एकर भात लावणाऱ्या शेतकऱ्याला नाणेनिधीचे नावही ठाऊक नसेल. पण त्याचा आवाज संसदेतून फिरून त्या हिशेबात शिरला. बोलणी करणाऱ्याला रोज लोकसभेला तोंड द्यावे लागते, म्हणूनच हे घडते.

शेजारच्या श्रीलंकेने एप्रिल २०२२ मध्ये परकी कर्जाची फेड थांबविली, तेव्हा निवृत्त झालेल्या नंदलाल वीरसिंघे यांना परत बोलावून मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर केले गेले. ते पूर्वी नाणेनिधीत आपल्या देशाच्या वतीने बसलेले. सावकाराचे घर आतून पाहिलेला माणूस सावकाराचाच असणार, हा आक्षेप आम्हांस मान्य नाही. खातेवही वाचता येणे हा दोष नव्हे. सुमारे ३ अब्ज डॉलरचे साहाय्य मार्च २०२३ मध्ये मंजूर झाले. २०२४ साली मतदारांनी राष्ट्राध्यक्ष बदलला. नव्या सरकारने गव्हर्नर मात्र तेच ठेवले. हिशेबनीस टिकला आणि उत्तरदायी बदलला, हे योग्यच झाले. हिशेबनीसाने आकड्यांशी इमान राखावे. कोणते ओझे कोणाच्या खांद्यावर टाकावयाचे, हे मतदारांपुढे जाणाऱ्याने ठरवावे.

भारताने १९९३ नंतर नाणेनिधीपुढे हात पसरलेला नाही आणि जुने कर्ज २००० सालापर्यंत फेडून टाकले. म्हणूनच नियम करण्याची वेळ आताची आहे. घर जळत असताना विहिरीची जागा ठरविता येत नाही. राज्यघटनेच्या २९२व्या कलमाने सरकारच्या कर्जाला मर्यादा घालण्याचा अधिकार संसदेला दिला आहे. पण कर्जाच्या अटी आधी संसदेपुढे ठेवाव्यात असे बंधन त्यात नाही. ते असावे. बोलणी सुरू होण्यापूर्वी कोण जाणार हे जाहीर व्हावे. काय सोडावयाचे नाही, याची मर्यादा संसदेच्या समितीने त्यास घालून द्यावी. सही होण्यापूर्वी अटी सभागृहापुढे याव्यात. यास गुप्ततेची अडचण सांगितली जाईल. बाजार बिथरेल ही भीती खोटी नाही, आणि चलनाच्या दराचा निर्णय आधी फोडता येत नाही, हेही आम्ही जाणतो. परंतु खताची किंमत, धान्याचे अनुदान, रोजगारावरील खर्च यांत गुप्त ठेवण्यासारखे काही नसते. ज्याला ते द्यावे लागणार, त्याच्यापासूनच ते लपविले जाते.

समोरच्याला कोण आवडेल, या प्रश्नाने मात्र ही निवड कधीही होऊ नये. १९४६ साली सरकारला आणि जमीनदारांना परुळेकर आवडत नव्हते; एकटा येऊन अंगठा उठविणारा लग्नगडी आवडत होता. कर्ज काढण्यात लाज नाही. ते फेडणाऱ्यांना न विचारता काढण्यात आहे.