जुन्या बुटांना नवा रंग

एका उन्हाळी प्रशिक्षण शिबिरात चहाच्या सुट्टीत एका माध्यमिक शाळेतील शिक्षकांनी आम्हाला गाठले. त्यांच्या आठवीच्या वर्गातील एका मुलाला थोरल्या भावाचे बूट वापरायला मिळाले होते. बूट चांगल्या चामड्याचे, तळ मजबूत, पण रंग तपकिरी. शाळेचा नियम काळ्या बुटांचा. त्यामुळे रोज प्रार्थनेच्या वेळी त्या मुलाला रांगेबाहेर उभे राहावे लागे. नवे बूट घेण्याची घरची परिस्थिती नव्हती. शेवटी गुरुजींनी स्वतःच्या घरातले काळे पॉलिश आणून त्या बुटांना तीन वेळा लावले. दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी पाऊस झाला आणि मुलाचे मोजे काळे, पँटची कड काळी, बूट मात्र पुन्हा तपकिरी!

“सर, रंग बसला का नाही?” हा त्यांचा प्रश्न.

त्या वेळी आम्ही काहीतरी मोघम उत्तर दिले. पण घरी परतल्यावर आमचे आम्हालाच ते पटेना. माळ्यावरचा एक जुना जोड काढला आणि चार-पाच रविवार त्यावर खर्च केले. पहिले दोन प्रयत्न फसले. ते का फसले हे शोधताना जे हाती लागले, ते शिक्षक मित्रांपुढे ठेवत आहोत. यात प्रथिने, विद्रावक, प्रकाशाचे शोषण, आम्ल आणि लोह असे पाठ्यपुस्तकातले बरेच विषय एकाच बुटात भेटतात.

चामडे म्हणजे काय?

जनावराची कातडी ही मुख्यतः कोलॅजेन नावाच्या प्रथिनाची बनलेली असते. कोलॅजेनच्या रेणूत तीन साखळ्या दोरीच्या पेडांप्रमाणे एकमेकींभोवती गुंफलेल्या असतात. ही तिपेडी रचना १९५४-५५ च्या सुमारास मद्रास विद्यापीठातील जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी मांडली. भारतात झालेल्या मूलभूत संशोधनाचे हे एक ठळक उदाहरण आहे. असे असंख्य रेणू एकत्र येऊन तंतू बनतात आणि त्या तंतूंचे जाळे म्हणजे कातडी.

ओली कातडी तशीच ठेवली तर कुजते, वाळवली तर लाकडासारखी कडक होते. म्हणून ती कमवावी लागते. कमावणे म्हणजे तंतूंच्या मधल्या जागांत असे पदार्थ शिरवणे, की जे शेजारच्या साखळ्यांना एकमेकींशी बांधून ठेवतील. कोल्हापुरी चपलांचे चामडे परंपरेने बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कमावतात. त्यांतील टॅनिन हे काम करते. बुटांच्या वरच्या भागाचे चामडे मात्र आज बहुधा क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेले असते. क्रोमियमचा हा उपयोग एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झाला.

दोहोंतला फरक वर्गात दाखवता येतो. दोन्ही प्रकारच्या चामड्यांचे टाकाऊ तुकडे उकळत्या पाण्यात दोन मिनिटे धरा. सालीने कमावलेला तुकडा आकसून वाकडा होतो, क्रोमने कमावलेला बहुधा तसाच राहतो. न कमावलेले कोलॅजेन साधारण ६० ते ६५ अंश सेल्सियसला आकसते, सालीने कमावलेले ७० ते ८५ च्या दरम्यान आणि क्रोमचे १०० च्या आसपास किंवा त्याहूनही वर. ओले बूट चुलीजवळ वाळवू नयेत असे घरातली मोठी माणसे सांगतात, त्यामागचे एक कारण हे आहे.

हळदीचा डाग आणि भिंतीचा चुना

आता रंगाकडे वळू. रंग देणारे पदार्थ दोन तऱ्हेचे असतात. हळदीचा डाग कापडावर पडला की धुऊनही सहजी जात नाही, कारण हळदीतील रंगाचे रेणू धाग्याच्या आत शिरतात आणि तिथे धरून राहतात. भिंतीला लावलेला चुना मात्र भिंतीच्या आत फारसा जात नाही. त्याचे बारीक कण वर थर करून बसतात. पहिल्या तऱ्हेला रंजक म्हणू, दुसरीला रंगद्रव्य. रंजक द्रावकात विरघळते, रंगद्रव्य विरघळत नाही. ते कणांच्या रूपात राहते आणि त्याला चिकटवून ठेवायला काहीतरी खळ लागते.

पॉलिश यांपैकी कशात मोडते? पॉलिश म्हणजे मुख्यतः मेण. ते टर्पेंटाईनसारख्या विद्रावकात मऊ केलेले असते आणि त्यात थोडा रंग मिसळलेला असतो. विद्रावक उडून गेला की मेणाचा पातळ थर मागे राहतो आणि घासल्यावर तो चमकतो. रंग त्या मेणात अडकलेला असतो, चामड्यात नव्हे. मेण घासले गेले की रंगही त्याच्याबरोबर मोज्यांवर आणि पँटवर जातो. गुरुजींच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथे मिळते.

उरलेले अर्धे उत्तर आम्हाला आमच्या पहिल्या फसलेल्या प्रयत्नाने दिले. आम्ही पॉलिशऐवजी चामड्याचा खरा रंग, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेले रंजक, बाजारातून आणले आणि थेट बुटावर लावले. तो थेंबाथेंबाने ओघळला, काही ठिकाणी बसला, काही ठिकाणी नाही. बूट चित्त्यासारखा दिसू लागला. कारण कारखान्यात चामडे तयार झाल्यावर त्यावर राळेचा किंवा प्लॅस्टिकसारख्या पदार्थाचा पारदर्शक लेप देतात. चामडे पाण्यापासून वाचावे म्हणूनच तो लेप असतो. मग तो आपल्या रंजकाला तरी आत का येऊ देईल?

कृती, आणि प्रत्येक पायरीमागचे कारण

प्रथम बूट खरोखर चामड्याचा आहे का ते पाहावे. बुटाच्या तोंडाजवळची किंवा जिभेची कापलेली कड भिंगातून पाहा. तंतू दिसले तर चामडे. वर गुळगुळीत थर आणि खाली विणलेले कापड दिसले तर ते रेक्झिन. रेक्झिनमध्ये हे रंजक नीट शिरत नाही, तेव्हा पुढचे कष्ट वाया जातील.

१. बूट ओल्या फडक्याने आणि किंचित साबणाने पुसून एक दिवस सावलीत वाळू द्यावेत. नाड्या काढाव्यात, आत जुनी वर्तमानपत्रे कोंबावीत, तळ आणि पांढरी शिलाई चिकटपट्टीने झाकावी.

२. कापसाच्या बोळ्यावर नखांचे पॉलिश काढण्याचे ॲसिटोन घेऊन पृष्ठभाग हलक्या हाताने पुसावा. बोळा मेण आणि लेप उचलून मळका होतो. मग बुटावर पाण्याचा एक थेंब ठेवावा. थेंब मोत्यासारखा उभा राहिला तर लेप अजून शिल्लक आहे. थेंब हळूहळू जिरून तिथे गडद डाग दिसला तर वाट मोकळी झाली. ही थेंबाची परीक्षा टाच, चवडा, बाजू अशी सगळीकडे घ्यावी. ॲसिटोन आणि स्पिरिट दोन्ही सहज पेट घेतात, म्हणून हे काम उघड्यावर आणि जाळापासून दूर करावे. ॲसिटोन काही प्लॅस्टिकही विरघळवते, तेव्हा तळाला ते लागू देऊ नये.

३. हातमोजे घालून रंगाचा पातळ हात द्यावा. आधी जिभेच्या आतल्या बाजूला लावून पाहावा. एकदाच जाड हात देण्यापेक्षा दोन-तीन पातळ हात बरे, कारण स्पिरिट रेणूंना आत वाहून नेते आणि स्वतः उडून जाते. रंग जास्त झाला तर रंजक आत न जाता वरच साचते. दोन हातांमध्ये रंग पुरता वाळू द्यावा आणि शेवटी बूट रात्रभर सावलीत ठेवावेत.

४. आता कोरड्या पांढऱ्या फडक्याने बूट घासावेत. फडके काळे होईल. दुसरे घ्यावे, तिसरे घ्यावे. फडके पांढरे राहीपर्यंत थांबू नये. आमचा दुसरा प्रयत्न याच पायरीचा कंटाळा केल्याने फसला. चामड्यात न धरलेले जे रंजक वर उरते, ते इथे फडक्यावर आले नाही तर मोज्यांवर येणारच.

५. विद्रावकांनी चामड्यातले तेलही ओढून नेलेले असते. तेल गेले की तंतू एकमेकांना चिकटतात, चामडे कडक होते आणि चालताना घडीवर तडकते. म्हणून बुटाचे क्रीम पातळ लावून एक दिवस मुरू द्यावे. त्यानंतर मेणाचे पॉलिश. आता पॉलिश आपले खरे काम करील, म्हणजे रंग देण्याचे नव्हे तर संरक्षणाचे.

कारखान्यात हेच काम फिरत्या पिंपात, कोमट आम्लयुक्त पाण्यात होते. आम्लामुळे चामड्यातील प्रथिनांवर धन प्रभार येतो, रंजकाच्या रेणूंवर ऋण प्रभार असतो, आणि दोघांची पकड बसते. घरी केलेला रंग पृष्ठभागाजवळच राहतो. त्यामुळे खोल ओरखडा पडला तर आतला जुना रंग दिसेल, हे आधीच समजून असावे.

काळ्याचे तपकिरी का होत नाही?

मुले हा प्रश्न हमखास विचारतील. रंजक प्रकाश निर्माण करत नाही, शोषून घेते. तपकिरी चामडे काही तरंगलांबी आधीच शोषत असते. त्यावर काळे रंजक पडले की उरलेल्याही शोषल्या जातात. दिलेले शोषण परत काढून घेता येत नाही, म्हणून रंजकाने फक्त गडदाकडेच जाता येते. लाल आणि हिरवा जिलेटीन कागद एकावर एक धरून खिडकीकडे पाहिले की हा मुद्दा अर्ध्या मिनिटात पटतो.

रंगाशिवाय काळा रंग

आणखी एक प्रयोग वर्गासाठी. लोखंडाचे चार-पाच साधे खिळे (जस्ताचा मुलामा नसलेले) व्हिनेगरमध्ये आठवडाभर ठेवा. त्यातून हायड्रोजन निघतो, म्हणून झाकण सैल असावे. हिरड्याची पूड पाण्यात उकळून गाळून घ्या. दोन्ही द्रावणे एकत्र केली की काळपट निळी शाई तयार होते. टॅनिन आणि लोह यांचे हे संयुग हवेतील ऑक्सिजनने आणखी गडद होते. आता ते खिळ्यांचे व्हिनेगर सालीने कमावलेल्या चामड्याच्या तुकड्यावर लावा. तो थोड्याच वेळात काळा पडेल, कारण टॅनिन त्याच्या पोटातच आहे. क्रोमच्या तुकड्यावर असा काळेपणा सहसा येत नाही. हा प्रयोग तुकड्यांवरच करावा. आम्ल राहून गेले तर चामडे कमकुवत होते.

एक इशारा

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काही देशांत बुटांच्या रंगात ॲनिलीन किंवा नायट्रोबेंझीन असे. रंग ओला असतानाच बूट घालणाऱ्या मुलांचे ओठ आणि नखे निळी पडल्याची उदाहरणे त्या काळच्या वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. ही द्रव्ये कातडीतून रक्तात शिरतात आणि हिमोग्लोबिनचे रूप असे बदलतात की त्याला ऑक्सिजन वाहता येत नाही. पुढे घातक अमाइने निर्माण करणाऱ्या काही ॲझो रंजकांवर जर्मनीने १९९४ साली बंदी आणली आणि नंतर भारतातही अशा रंजकांवर निर्बंध आले. तेव्हा नाव-पत्ता नसलेल्या बाटलीतला सुटा रंग घेऊ नये, रंगवण्याचे काम मोठ्यांनीच करावे, आणि वास पुरता जाईपर्यंत बूट पायात घालू नयेत.

पुढे काय झाले?

आम्ही ही कृती त्या शिक्षकांना पत्राने कळवली. त्यांनी आणखी एक चांगली गोष्ट केली. बाजारात पादत्राणे दुरुस्त करणारे एक कारागीर त्यांच्याच एका विद्यार्थ्याचे वडील होते. त्यांना गुरुजींनी वर्गात रीतसर पाहुणे म्हणून बोलावले. त्यांनी बोट ओले करून चामड्यावर टेकवले आणि लेप कुठे शिल्लक आहे ते लगेच सांगितले. आम्हाला जे कळायला दोन रविवार लागले, ते त्यांच्या बोटाला ठाऊक होते. वर्गाने त्यांना तासभर प्रश्न विचारले. चामड्याच्या कामाकडे आपल्या समाजाने शतकानुशतके कोणत्या नजरेने पाहिले हे आपण जाणतो. ते काम करणाऱ्याला फळ्याजवळ उभे करून त्याच्याकडून शिकणे, हाही विज्ञानाचाच पाठ होय.

बूट काळे झाले. डाव्या टाचेवर एक तपकिरी ठिपका राहिला, कारण तिथला लेप निघाला नव्हता. मुलांनी तो ठिपका पाहून कारण स्वतःच सांगितले, असे गुरुजी लिहितात.

राहिला प्रश्न त्या नियमाचा. चामड्यात रंग कसा शिरतो हे रसायनशास्त्र सांगते. बुटाच्या रंगासाठी मुलाला रांगेबाहेर उभे करावे का, याचे उत्तर ते देऊ शकत नाही. तो प्रश्न गुरुजींनी शिक्षकसभेत मांडला आहे. आपापल्या शाळेत तो आपणही मांडावा, अशी आमची विनंती आहे.