झोपाळ्याचे सभासद

गेल्या दिवाळीच्या सुटीतली गोष्ट. आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या बाईंनी त्या दिवशी लेकीला बरोबर आणले. शाळेला सुटी, खोलीवर दुसरे कोणी नाही, आणि फराळाच्या दिवसांत चार घरच्या चकल्या-करंज्या म्हणजे बाईंना घरी परतायला दिवेलागण होणार. मुलगी सात-आठ वर्षांची, दोन वेण्या वर बांधलेल्या. स्वयंपाकघराच्या दाराशी पाय पोटाशी घेऊन बसली. माझा नातू सहा वर्षांचा. त्याने तिला दहा मिनिटे न्याहाळले आणि जाहीर केले, "आजी, आम्ही खाली झोपाळ्यावर जातो."

मुलाने ठाण्यात ढोकाळीच्या बाजूला घर घेतल्यापासून मीही इकडेच असते. इमारत उंच आहे. किती ते विचारू नका, मान वर करून मोजण्याचे माझे वय राहिले नाही. खालचे काही मजले मोटारींचे, आणि मोटारींच्या डोक्यावर माती टाकून बाग केलेली. दोन झोपाळे, एक घसरगुंडी, चार बाके. एका झोपाळ्यावर नातू बसला, दुसऱ्यावर ती. दोन झोके झाले न झाले तोच रखवालदार आला आणि ओशाळून म्हणाला, "आजी, नियम आहे. खेळायला फक्त सभासदांची मुलं."

त्याचे वाक्य पुरे होण्याआधीच मुलगी खाली उतरली होती. तिला दुसऱ्यांदा सांगावे लागले नाही, हेच मला लागले. नातवाने मात्र सरळ विचारले, "मग ती कुणाची सभासद आहे?"

मूळची मी डोंबिवलीची. फडके रोडच्या मागच्या गल्लीत आमची दुमजली चाळ होती. पुढे अंगण, अंगणात प्राजक्त आणि एक बुजवलेली विहीर. तिथे कोण कोणाचे मूल हे फक्त जेवणाच्या वेळी कळे, कारण तेव्हा हाका सुरू होत. त्यामुळे 'बाग' म्हणून काही वेगळे लागते हे आम्हांला ठाऊकच नव्हते. आता चाळही नाही आणि अंगणही नाही. डोंबिवलीच्या तरुण मंडळींनी तर जागेच्या टंचाईवर नामी तोड काढली आहे: दिवाळीच्या पहाटे नवे कपडे घालून सगळी फडके रोडवर येऊन उभी राहतात. रस्त्याचीच बाग! वर्षातून एकदा का होईना, तिथे कोणी कोणाला सभासद आहेस का म्हणून विचारत नाही.

बाईंना वर जाऊन सांगितले, दोन्ही मुलांचे हात धरले आणि रिक्षा केली. कोलशेतला २०२४ च्या फेब्रुवारीत ग्रँड सेंट्रल पार्क सुरू झाले आहे, तिकडे निघालो. साडेवीस एकरांचे उद्यान. बांधकाम कंपनीने उभारून महापालिकेच्या हवाली केलेले. आत मोगल, चिनी, जपानी आणि मोरोक्कोच्या धर्तीच्या बागा आहेत. तळे आहे, साडेतीन हजारांवर झाडे आहेत. नाव न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कावरून. ते ८४३ एकरांचे आहे म्हणतात. तेव्हा आमचे म्हणजे त्याचे खेळण्यातले पिल्लू. पण दोन मुलांचा हात धरून चालणाऱ्या बाईला साडेवीस एकरसुद्धा पुरून उरतात, हे मी गुडघ्यांच्या साक्षीने सांगते.

त्या न्यूयॉर्कच्या बागेची एक हकिकत शाळेत शिकवीत असताना वाचली होती, ती दाराशीच आठवली. ती बाग काल्व्हर्ट व्हॉक्स यांच्यासह आखणारे फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड १८५० साली इंग्लंडात गेले होते. लिव्हरपूलच्या समोरच्या काठावर बर्कनहेड म्हणून गाव आहे. तिथे जोसेफ पॅक्स्टन यांनी आखलेली, लोकांच्या पैशाने बांधलेली बाग १८४७ साली खुली झाली होती. ओल्मस्टेडना तिथली फुले आवडलीच. पण विशेष वाटले ते हे, की गावातल्या गरिबातल्या गरिबालाही तिथे धनिकाइतकाच हक्क होता. पुढे १८५८ मध्ये न्यूयॉर्कची बाग लोकांना खुली होऊ लागली, ती हे पाहून आलेल्या माणसाच्या हातची.

इकडे आमच्या दाराशी तिकिटाची खिडकी. खरे सांगायचे तर मला ते रुचले नाही. रक्कम मोठी नव्हे. पण चार लेकरांच्या आईने हिशेब केला तर ती बाहेरूनच परतेल. आपल्या तलावपाळीला, म्हणजे मासुंदा तलावाच्या काठाला, कोण तिकीट घेते? होडीत बसायचे तर पैसे. नुसते वारा खात बसायचे तर कोणी हटकत नाही. असे मनातल्या मनात बोलत मी तिकिटे काढली आणि ज्याचे त्याच्या हातात दिले.

मुलगी प्रथम झोपाळ्यावर बसेचना. नातवाने आधी बसून दाखवले. मग ती टेकली, आणि पाहता पाहता त्याच्याहून उंच गेली. वेण्या मागे, पाय आभाळात. त्याच वेळी कुठे तरी पहारेकऱ्याची शिटी वाजली. हिरवळीवर कोणी गेले असेल. ही चालत्या झोपाळ्यावरून उडी टाकून खाली, आणि फ्रॉकला हात पुसत उभी!

"अगं, बस की!" नातू म्हणाला. "तिकीट आहे आपलं!"

तिने मूठ उघडून पाहिली. घामाने भिजलेले तिकीट होते. मग ती पुन्हा बसली. त्यानंतर दोनदा शिटी वाजली. दोन्ही वेळा तिने मूठ घट्ट केली, पण उतरली नाही. मी बाकावर बसून तिकिटाबद्दलचे माझे मत थोडे तपासून पाहिले. बदलले नाही, पण आधीइतके सरळही राहिले नाही.

संध्याकाळी आमच्या चिटणीसांना गाठले. गृहस्थ सज्जन आहेत. म्हणाले, "आजी, आज एक आली, उद्या दहा येतील. कोणी पडलं-झडलं तर जबाबदार कोण?" त्यांचेही अगदीच खोटे नाही. मी म्हटले, "दहा आल्या तर झोपाळ्याला रांग लागेल. आमच्या अंगणात लागायची तशी." त्यांनी अर्ज द्या म्हटले. तो दिला आहे. अजून उत्तर नाही.

बाई लेकीला घेऊन निघाल्या तेव्हा डब्यात चिवडा भरून देता देता मी म्हटले, "भाऊबीजेनंतर पुन्हा नेते हं हिला."

बाईंनी पदर सारखा केला. "नको आजी," त्या हळूच म्हणाल्या, "सवय लागेल तिला."

मुलगी दारात चपला घालीत होती. मूठ अजून मिटलेलीच होती.

"लागू दे," मी म्हटले.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा गेलो. या खेपेला बाईही होत्या, आणि नातवाने बजावल्यामुळे चारही तिकिटे तिच्या हातात.