लिनक्स : सॉफ्टवेअर बसवण्याची सोपी वाट

लिनक्सकडे वळलेला नवखा माणूस बहुधा पहिलेच सॉफ्टवेअर बसवताना अडतो. खरी अडचण आज्ञा टाइप करण्याची नव्हती. लिनक्सवरील प्रोग्रॅम अनेक सामायिक फाइलींवर विसंबून असतो. त्यांतील एक नसली की काम थांबते. ती शोधून आणावी, तर ती तिसरीच मागते.

'डेबियन' या लिनक्स वितरणाने मार्च १९९९ मध्ये २.१ या आवृत्तीत 'ॲप्ट' दिले आणि ही शोधाशोध संगणकावर सोपवली. नाव सांगितले, की लागणारे सर्व काही ॲप्ट भांडारातून स्वतः आणते. संपूर्ण प्रणालीची नवी आवृत्तीही त्याच मार्गाने घेता येते. विंडोजवाल्यांना तेव्हा हेवा वाटावा अशीच ही सोय!

पण नावच ठाऊक नसेल तर? 'सिनॅप्टिक'मध्ये माऊस चाले, मात्र पत्र लिहिण्याचा प्रोग्रॅम शोधणाऱ्यापुढे 'लिब'ने सुरू होणाऱ्या नावांची रांग उभी राही. ऑक्टोबर २००९ मध्ये उबुंटूने 'सॉफ्टवेअर सेंटर' आणून विषयवार मांडणी केली.

विंडोजची एक सवय मात्र सोडावी लागते. परक्या संकेतस्थळावरून सुटी उतरवलेली फाइल भांडाराला ठाऊक नसते. तिच्यातील सुरक्षा-दोषांची दुरुस्ती सहसा आपोआप येत नाही.