पेटंटच्या रकान्यात शून्य

कल्याणहून कर्जतच्या लोकलने निघाले की उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही स्टेशने एकामागून एक येतात. बदलापूर मागे पडले की इमारती विरळ होतात आणि भातखाचरे दिसू लागतात. अंबरनाथला आमच्या मामूंचे वेल्डिंगचे दुकान आहे. त्यांची बरीच गिऱ्हाइके या खाचरांच्या गावांतून येतात.

भात झोडण्याचे पायाने चालवायचे यंत्र बाजारात मिळते, पण ते जड. बांधावरून न्यायचे तर चार गडी लागतात. एका शेतकरी बाईंनी ही अडचण सांगितली, तेव्हा मामूंनी सांगाडा हलक्या पाइपांचा केला आणि ड्रम सुटा निघेल असा बसवला. आता दोन बायका दोन खेपांत ते नेतात. पुढच्या हंगामात तशीच मागणी आली. शेजारच्या दुकानदारांनीही पाहून पाहून बनवले. मामूंनी कुणाला अडवले नाही.

मग अनुदानाच्या एका योजनेचा अर्ज आला. तो आम्हीच भरला. ‘नवकल्पना’ या शीर्षकाखाली एकच प्रश्न होता : आपल्या नावे पेटंट किती? आम्ही शून्य लिहिले. अर्ज परत आला. मामू एवढेच म्हणाले, “बेटा, मशीन तर चालतेय ना?”

पेटंट ही चांगली सोय आहे, हे आधी सांगितले पाहिजे. वीस वर्षे आपली कल्पना दुसऱ्याला वापरता येत नाही. एकट्या माणसाला ऑनलाइन अर्जाची फी १६०० रुपये आणि तपासणीची ४००० रुपये आहे. खरा खर्च मसुदा लिहून देणाऱ्या एजंटाचा. पण वस्तू एकदा उघडपणे विकली की तिचे नवेपण संपते, म्हणून अर्ज विक्रीआधी करायचा असतो. आमच्या घरात हे कुणालाच ठाऊक नव्हते.

शिवाय गावातल्या कितीतरी शोधांना हे दार बंदच आहे. भारतीय पेटंट कायद्याच्या कलम ३ नुसार शेतीची पद्धत, बियाणे, पिकाचे वाण आणि पारंपरिक ज्ञान यांना पेटंट मिळत नाही. गरिबाचे बियाणे कुणी बळकावू नये म्हणून ते योग्यच. पण मग त्याच पेटंटच्या आकड्यावरून गावाची बुद्धी कशी मोजायची?

चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्यात नांदेड नावाचे गाव आहे. तिथले दादाजी खोब्रागडे हे दीड एकराचे शेतकरी. १९८३ साली आपल्या शेतातल्या ‘पटेल ३’ भातात त्यांना काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी दाणे जपले, रानडुकरांपासून वाचवण्यासाठी काटेरी झुडपांच्या आडोशाला पेरले, वर्षानुवर्षे निवडले. तांदूळ बारीक आणि चवदार निघाला. त्या काळी लोकप्रिय असलेल्या घड्याळावरून त्याला एचएमटी हे नाव पडले. १९९८ साली अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने पीकेव्ही-एचएमटी हे वाण काढले आणि श्रेयाचा वाद सुरू झाला. २००५ मध्ये राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते दादाजींचा गौरव झाला. २०१० मध्ये ‘फोर्ब्स’ने त्यांची दखल घेतली. ३ जून २०१८ रोजी ते वारले. एचएमटी तांदूळ आजही आपल्या घरांत शिजतो. या तांदळाचे पेटंट दादाजींच्या नावे मोजायला गेलात तर शून्यच येईल.

दुसरा घोळ पत्त्याचा. अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या कारखान्यात एखादी प्रक्रिया सापडली आणि कंपनीचे मुख्य कार्यालय मुंबईत असले, तर अर्जदाराच्या पत्त्यावर ती मुंबईची धरली जाते. उल्हासनगरला तर नकलेचे गाव म्हणून हसण्याचीच सवय. ‘मेड इन यूएसए’चा विनोद कोण विसरेल? पण नक्कल करता करता तिथल्या जीन्सच्या कारखान्यांत रोज काही ना काही सुधारत असते. ते कुठल्या नोंदवहीत येते?

अमेरिकेच्या कृषी खात्याने यावर साधा उपाय केला. २०१४ साली ग्रामीण व्यवसायांचे सर्वेक्षण करून त्यांनाच थेट विचारले की, तुम्ही नवीन काय केले. आपल्याकडे नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशन गावोगावचे शोध नोंदवते आणि पेटंटसाठी मदतही करते. मामूंसारख्यांनी तिकडे जरूर लिहावे.

आमच्या वाचकांना अल-जझरीचे नाव माहीत असेल. शेताला पाणी उपसून देणाऱ्या यंत्रांची रेखाटने असलेला त्यांचा ग्रंथ १२०६ चा. व्हेनिसचा पेटंट कायदा आला १४७४ मध्ये. म्हणजे त्यांच्याही नावापुढे शून्यच.

अर्ज आम्ही पुन्हा भरला आहे. शून्य तसेच ठेवले आणि सोबत एक कागद जोडला : यंत्र कोणकोणत्या गावांत चालते, त्यांची नावे. खाली त्या शेतकरी बाईंनी अंगठा दिला आहे.