‘यातले निम्मे केटीत जाणार!’

गणित मुळात डोक्यातच असावं लागतं असं मानणारे प्राध्यापक असतात, तसे घासलं की जमतं म्हणणारेही असतात. हे ज्याचं त्याचं मत, वर्गाशी त्याचा काय संबंध, असं वाटेल. एलिझाबेथ कॅनिंग, मेरी मर्फी आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये हाच संबंध तपासला. अमेरिकेतल्या एका मोठ्या सरकारी विद्यापीठात विज्ञान, अभियांत्रिकी, गणित शिकवणाऱ्या १५० प्राध्यापकांना त्यांनी बुद्धीबद्दलची धारणा विचारली आणि पंधरा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांचे गुण तिच्याशी ताडून पाहिले. ‘बुद्धी उपजतच’ म्हणणाऱ्यांच्या वर्गात सगळ्यांचेच गुण कमी निघाले. शिवाय कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि मूलनिवासी विद्यार्थी इतरांपेक्षा जितके मागे पडत, ते अंतर तिथे दुप्पट होतं. प्राध्यापकाचं वय, वंश किंवा अनुभव यांवरून हा फरक इतका ओळखता येत नव्हता.

हा सहसंबंध आहे, कार्यकारणाचा पुरावा नव्हे. पण पहिल्याच तासाला ‘यातले निम्मे केटीत जाणार’, म्हणजे विषयात नापास होणार, हे ऐकलेल्या आपल्या इंजिनिअरिंगच्या पोरांना जास्त समजावून सांगायला नको. शंका विचारायची की गप्प बसायचं, हे बरेच जण तिथेच ठरवून टाकतात.

शिक्षकांच्या मनात अपेक्षा मुद्दाम पेरून पाहण्याचा गाजलेला प्रयोग रॉबर्ट रोझेन्थाल आणि लेनोर जेकबसन यांचा. चिठ्ठ्या टाकून निवडावीत तशी काही मुलं निवडून, ती यंदा चमकणार असं त्यांनी प्राथमिक शिक्षकांना सांगितलं. लहान वर्गांतली ती मुलं बुद्धिमापनात खरोखर पुढे गेली. १९६८ मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि टीकेची झोड उठली, ती बरीचशी रास्तच होती. पुढे १९८४ मध्ये स्टीफन रॉडेनबुश यांनी असे अनेक प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा कळीची गोष्ट हाती लागली: शिक्षक मुलांना दोन आठवड्यांहून जास्त ओळखत असतील, तर पेरलेली अपेक्षा जवळजवळ उगवतच नाही. आता शंभर-दीडशेंचा कॉलेजचा वर्ग आठवा. तिथे ही ओळख सत्र संपेपर्यंत होत नाही, असं मला वाटतं.

मग कडक प्राध्यापकांनी गोड बोलायचं का? जेफ्री कोहेन, क्लॉड स्टील आणि ली रॉस यांनी १९९९ मध्ये विद्यार्थ्यांच्या लेखनावर सडकून टीका करवून पाहिलं. टीकेला नुसत्या कौतुकाची जोड दिली, तेवढ्याने कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचा उत्साह पुरेसा टिकला नाही. ‘माझी कसोटी कडक आहे आणि तू ती पार करशील’ असं सांगून केलेली टीका मात्र त्यांनी मनावर घेतली आणि ते पुन्हा लिहायला तयार झाले.