परीक्षेसाठी आणलेला पेशंट

अमेरिकेत दंतवैद्यकाची पदवी मिळाली म्हणून लगेच दवाखाना उघडता येत नाही. पदवी विद्यापीठ देते आणि परवाना राज्याचे डेंटल बोर्ड. प्रत्येक राज्याचे बोर्ड वेगळे, त्याचे नियमही वेगळे. या परवान्यासाठी बहुतेक राज्यांत लेखी परीक्षेच्या जोडीला हातचे काम दाखवावे लागते, आणि अनेक दशके ते जिवंत माणसाच्या तोंडात करून दाखवावे लागत होते. परीक्षेचे ठिकाण, तारीख आणि गुणांची पद्धत परीक्षक संस्था ठरवीत. पेशंट मात्र विद्यार्थ्याने स्वतः शोधून आणायचा.

तोही कसलाही चालत नसे. दोन दातांच्या मधल्या बाजूला कीड हवी, ती एक्स-रेमध्ये स्पष्ट दिसायला हवी. इनॅमल ओलांडून ती डेंटिनपर्यंत पोचलेली हवी, पण नसेपर्यंत गेलेली नको. पेशंटचा रक्तदाब मर्यादेत हवा. त्याने ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी हजर राहायला हवे, कारण तो आलाच नाही तर वर्षभर उत्तम काम केलेली मुलगीही नापास होई. त्यामुळे शेवटच्या वर्षाची मुले महिनोन् महिने असा एखादा दात शोधत असत. सापडला की त्या माणसाचा प्रवासखर्च, हॉटेल, बुडालेला रोज हे सगळे विद्यार्थ्याच्या खिशातून. पैसे घेऊन पेशंट मिळवून देणारे मध्यस्थही तयार झाले होते. याहून वाईट गोष्ट अशी की, ‘परीक्षेला चालेल’ अशी कीड सापडली की तिच्यावरचा उपचार परीक्षेपर्यंत लांबणीवर टाकण्याचा मोह होई. परीक्षा संपली की विद्यार्थी आपल्या वाटेने जाई. भरलेला दात पुढे दुखू लागला तर पेशंटने कोणाचे दार ठोठावायचे, याची हमी कोणी देत नसे.

या प्रथेविरुद्ध सर्वांत चिकाटीने उभी राहिली ती विद्यार्थ्यांची संघटना, अमेरिकन स्टुडंट डेंटल असोसिएशन. सभासद तिला ‘ॲस्डा’ म्हणतात. १९७१ मध्ये स्थापन झालेल्या या संघटनेचे मुख्यालय शिकागोत आहे आणि सभासद वीस हजारांहून अधिक. दंतवैद्यक विद्यार्थ्यांच्या संस्था अमेरिकेत त्याआधीही होत्या. मिशिगन विद्यापीठात १८८२ मध्ये ‘डेल्टा सिग्मा डेल्टा’ हे बंधुमंडळ निघाले. ज्यू विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या भेदभावाच्या वागणुकीतून १९०७ मध्ये बाल्टिमोरला ‘अल्फा ओमेगा’ उभे राहिले. पण ही मंडळे स्नेह आणि परस्पर आधारासाठी होती. परवान्याच्या नियमांवर, शिक्षणावर, कायद्यावर सगळ्या विद्यार्थ्यांच्या वतीने बोलणारी संस्था म्हणून ॲस्डाचे काम निराळे आहे.

तिची रचना साधी आहे. देशातल्या डेंटल कॉलेजांमध्ये तिच्या शाखा आहेत, शाखांचे जिल्हे आहेत, आणि वर्षातून एकदा शाखांचे प्रतिनिधी एकत्र बसून ठराव मतास टाकतात. अध्यक्षही विद्यार्थीच. ज्येष्ठांच्या अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या प्रतिनिधी सभेत ॲस्डाच्या प्रतिनिधींना मताचा अधिकार आहे, आणि मला ही तरतूद फार मोलाची वाटते. ज्या धंद्यात आपण उद्या शिरणार, त्याच्या सभागृहात आजच हात वर करता येणे ही लहान गोष्ट नव्हे.

विद्यार्थी संघटनेची खरी अडचण वेगळीच असते: तिचे सभासद टिकत नाहीत. दर चार वर्षांनी सगळी फळी बदलते. पेशंट आणण्याच्या परीक्षेने ज्याला सर्वाधिक छळले, तो पास झाल्यावर तिच्याबद्दल बोलायचे सोडून देतो. त्याला कर्ज फेडायचे असते, आणि अमेरिकेत कर्ज काढून शिकलेल्या दंतवैद्याच्या डोक्यावर पदवीच्या दिवशी सरासरी तीन लाख डॉलरच्या आसपास रक्कम असते. पुढची परीक्षा बदलून त्याला काहीच मिळणार नसते. अशी गाऱ्हाणी प्रत्येक बॅचबरोबर जन्मतात आणि तिच्याबरोबरच विरतात. ॲस्डाने हे गाऱ्हाणे लेखी धोरणात उतरवले. त्यामुळे नवे प्रतिनिधी आले की त्यांना ते पहिल्यापासून मांडावे लागत नसे, मागच्यांनी सोडले तिथून पुढे न्यायचे असे. ज्यांना फायदा होणार नव्हता, त्यांनी मागून येणाऱ्यांसाठी मत दिले.

मांडणीही त्यांनी विचारपूर्वक निवडली. ‘आम्हाला परीक्षा अवघड जाते’ म्हणणाऱ्या विद्यार्थ्यांकडे कोण लक्ष देणार? त्यांनी पेशंटची बाजू धरली. माणसाचा आजार हे परीक्षेचे साहित्य झाले, की उपचार त्याच्या गरजेनुसार होत नाही, वेळापत्रकानुसार होतो. दुसरा मुद्दा मोजमापाचा होता. प्रत्येकाचा पेशंट वेगळा, दात वेगळा, लाळ आणि भीती वेगळी. मग एका दिवसाच्या एका कामावरून दोन विद्यार्थ्यांची तुलना कशी करायची?

बोर्डांचे म्हणणेही तितकेच गांभीर्याने ऐकण्यासारखे होते. लोकांना अडाणी हातांपासून वाचवणे हे त्यांचे कायदेशीर काम. पेशंटऐवजी वापरलेल्या प्लास्टिकच्या दाताला रक्त येत नाही, तो जीभ मध्ये आणत नाही, घाबरून तोंड मिटत नाही. उमेदवार खऱ्या माणसाशी कसा वागतो हे पाहिल्याशिवाय त्याला लोकांत कसे सोडायचे?

म्हणूनच बदल सावकाश झाला. २००५ मध्ये अमेरिकन डेंटल असोसिएशनने, कॉलेजच्या अभ्यासक्रमातच गुंफलेल्या परीक्षेचा अपवाद ठेवून, परवान्याच्या परीक्षेत माणसे वापरणे बंद व्हावे असा ठराव केला आणि २०१० ची मुदत घातली. ती मुदत पाळली गेली नाही, कारण ठराव व्यावसायिक संघटनेचा आणि अधिकार बोर्डांचा. तरी राज्याराज्यांत वाटा फुटत गेल्या. न्यूयॉर्कने २००७ पासून या परीक्षेच्या जागी मान्यताप्राप्त रेसिडेन्सीचे एक वर्ष सक्तीचे केले. कॅलिफोर्नियाने २०१० मध्ये पोर्टफोलिओचा कायदा केला: विद्यार्थ्याने कॉलेजच्या दवाखान्यात आपल्याच पेशंटवर केलेल्या कामाची नोंद आणि तिथेच झालेली तपासणी. २०१८ मध्ये विद्यार्थी, शिक्षक आणि व्यावसायिक यांच्या राष्ट्रीय संघटनांनी मिळून परवान्याच्या आधुनिकीकरणासाठी आघाडी उभारली.

मग २०२० चा मार्च आला आणि त्याबरोबर कोविडची साथ. अनोळखी माणसाच्या उघड्या तोंडावर ओणवून ड्रिल चालवणे अचानक अशक्य झाले आणि त्या वर्षीचे पदवीधर अडकून पडले. बोर्डांनी एकामागून एक मॅनिकिनवरची, म्हणजे पुतळ्याच्या कृत्रिम तोंडातली, परीक्षा स्वीकारली. आत कीड असलेला, थराथराने कठीण-मऊ लागणारा कृत्रिम दात तोवर तयार होता. प्रसंग देऊन निर्णय विचारणारी राष्ट्रीय परीक्षाही त्याच वर्षी सुरू झाली. साथीने काही महिन्यांत केले ते ठरावांना पंधरा वर्षांत साधले नव्हते, हे खरे. पण पर्याय आधी घासूनपुसून ठेवलेले नसते, तर बोर्डांनी परीक्षा नुसत्या पुढे ढकलल्या असत्या.

महाराष्ट्रातल्या डेंटल विद्यार्थ्यांना यातले बरेच ओळखीचे वाटेल. बीडीएसच्या शेवटच्या वर्षाला कोटा पुरा करण्यासाठी आणि प्रात्यक्षिकाला हवी तशी केस मिळवण्यासाठी होणारी धावपळ इथेही घरोघरी माहीत आहे; कवळीची केस मिळावी म्हणून मुले नात्यागोत्यात चौकशी करतात. मात्र आपल्याकडे परीक्षा कॉलेजच्याच रुग्णालयात होते. काही बिघडले तर पेशंटला परत येण्याचा पत्ता असतो, आणि अमेरिकेतल्या काही सुधारणा याच दिशेने गेल्या. प्रश्न उरतो तो परीक्षेपर्यंत थांबवलेल्या दाताचा. त्यावर इथल्या विद्यार्थ्यांनी एकत्र बसून बोलावे असे मला मनापासून वाटते. पुण्या-मुंबईहून बीडीएस करून न्यूयॉर्क किंवा बॉस्टनच्या विद्यापीठात परदेशी पदवीधरांसाठीच्या अभ्यासक्रमाला गेलेली मुलेही तिथे याच परवान्याच्या वाटेला लागतात.

ॲस्डापुढे आता परवान्याच्या सरहद्दीचा प्रश्न आहे. एका राज्यात पास झालेल्याला दुसऱ्या राज्यात पुन्हा कागद आणि शुल्क का, असे ती विचारते. राज्यांनी एकमेकांचे परवानाधारक मान्य करावेत यासाठीचा करार सातव्या राज्याच्या कायद्यानंतर २०२४ मध्ये अमलात आला. त्यानंतर आणखी राज्ये त्यात आली. उरलेल्या राज्यांच्या विधिमंडळांकडे ॲस्डाच्या शाखा आपले प्रतिनिधी पाठवत आहेत, आणि त्यांतले बरेच जण करार सगळीकडे पोचण्याआधीच पदवी घेऊन बाहेर पडलेले असतील.