हालचालींचं मोजमाप – भाग ९ : सायकल गेली कुठे?

  एका मराठी शिक्षिकेचं कोलकात्याहून पत्र आलं आणि त्यातला प्रश्न डोक्यातून जाईना. त्या राहतात शहरात, शिकवतात नदीपलीकडे हावडा जिल्ह्यात. त्यांच्या नववी-दहावीच्या मुली ‘सबुज साथी’ योजनेत मिळालेल्या सायकलींवरून शाळेत येतात. बाई विचारतात, ‘तुमचा तो कमरेचा सेन्सर या मुलींना लावला, तर त्यांची सायकल त्यात दिसेल का?’

जवळजवळ नाही.

कमरेच्या सेन्सरमधला ॲक्सेलरोमीटर श्रम मोजत नाही, वेगातला बदल मोजतो, हे मागे आलंच आहे. चालताना दर पावलाला कंबर वरखाली होते, धावताना त्याहून जास्त. सायकलवर कंबर सीटवर टेकलेली असते. राबतात त्या मांड्या आणि पोटऱ्या. मी कमरेला सेन्सर लावून सायकल चालवून पाहिली आहे. ज्या चढावर घाम निथळला तो भाग आलेखात सपाट येतो आणि खड्ड्यांचा रस्ता, जिथे मी पायडल मारणंही थांबवलं होतं, तो उंच उठून दिसतो!

ही बारीकसारीक तांत्रिक बाब म्हणून सोडून देता येत नाही. पश्चिम बंगालने ‘सबुज साथी’तून २०१५मध्ये सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या नववी ते बारावीच्या मुलामुलींना सायकली द्यायला सुरुवात केली. आपल्याकडे महाराष्ट्रात मानव विकास कार्यक्रमात १२५ तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात. सेन्सर कमरेला बांधून या मुली ‘निष्क्रिय’ ठरवल्या, तर तो त्यांच्यावर अन्याय आहे, असं माझं ठाम मत आहे.

डेन्मार्कमधल्या ओडेन्स शहरात नऊ आणि पंधरा वर्षांच्या मुलांची पाहणी झाली होती. तिचा सायकलवरचा भाग २००६मध्ये प्रसिद्ध झाला. पायी किंवा गाडीने शाळेत येणाऱ्यांच्या तुलनेत सायकलवाली मुलं दमसासाच्या चाचणीत वरच्या पाव गटात असण्याची शक्यता जवळपास पाचपट होती. कमरेच्या यंत्राला न दिसणारे श्रम हृदय आणि फुप्फुसांत मात्र जमा झालेले असतात.

पोहण्याची गत आणखी वाईट. कोलकात्यातल्या कॉलेज स्क्वेअरच्या किंवा हेदुआच्या तलावात उतरणारं पोर पाण्यात न चालणारा जुना सेन्सर काठावर काढून ठेवणार. मग यंत्राच्या नोंदीत सलग शून्यं. विश्लेषण करणारा सलग तासभर शून्यं दिसली की ‘सेन्सर अंगावर नव्हता’ असं धरून तो वेळ गाळतो. दिवसातला सगळ्यात मेहनतीचा तासच हिशेबातून बाद!

आणि ओझं? डोक्यावर हंडा घेऊन चढण चढणारी मुलगी सावकाश, तोल सांभाळत चालते. यंत्र म्हणतं, रमतगमत चालली आहे. इथे मला बाईंच्याच जिल्ह्यातली एक जुनी गोष्ट सांगायलाच हवी. हुगळीच्या काठावर चेंगाइलला लडलो कंपनीची ज्यूट गिरणी होती. हार्वर्डचे जाँ मेयर यांनी पूर्णिमा रॉय आणि के. पी. मित्र यांच्यासोबत तिथल्या २१३ पुरुषांचा अभ्यास १९५६मध्ये प्रसिद्ध केला. दुकानात बसून राहणारे, देखरेख करणारे, कारकून, विणकर, ओझी वाहणारे, राख उपसणारे, कोळसा टाकणारे. कमरेला काहीच बांधलेलं नव्हतं. कोण काय काम करतो, ते पाहून गट पाडले आणि प्रत्येकाचं वजन आणि आहार नोंदवला. हलक्या कामापासून पुढे जसे कष्ट वाढले, तसा आहार वाढला, पण वजन वाढलं नाही. बसून काम करणारे मात्र हलकं काम करणाऱ्यांपेक्षा जास्त खात होते आणि वजनानेही भारी होते. भूक आणि श्रम यांची सांगड एका मर्यादेखाली सुटते, ही आजही चर्चेत असलेली कल्पना या गिरणीतून जगभर गेली.

याच माणसांना कमरेचा सेन्सर लावला असता, तर? मोकळ्या हाताने हिंडणारा मुकादम गाठोडं उचलून हळूहळू चालणाऱ्या हमालाच्या पुढे गेला असता. मेयर यांच्या गटवारीत अंदाज होता, पण ओझं दिसत होतं.

म्हणून बाईंना माझा सल्ला. सेन्सर मांडीला लावा. पायडलबरोबर मांडी ठरावीक लयीत उचलली जाते आणि ती लय ओळखणारी ‘ॲक्टी-फोर’ ही प्रणाली कोपनहेगनच्या संशोधकांनी तयार केली आहे. नाडीचे ठोके जोडीला घेतले तर श्रमाचा अंदाज सुधारतो; फक्त बंगालच्या मे महिन्यात ठोके उकाड्यानेही वाढतात, याचं भान ठेवावं लागेल. मांडीचे सेन्सर सगळ्यांना पुरणार नसतील, तर निवडक मुलींना ते लावा आणि सगळ्यांकडून रोजची वही भरून घ्या: घरून कधी निघाली, शाळेत कधी पोचली, सायकल किती वेळ स्वतः चालवली, कॅरियरवर धाकटं भावंड होतं का. हा शेवटचा प्रश्न मी कुठल्याच छापील प्रश्नावलीत पाहिलेला नाही. तो जरूर घाला.